रस्त्याची भाषा, देवाचे नाव

नाताळ आला की ख्रिस्ती घराघरांतून गव्हाण मांडली जाते. गवताचे छप्पर, मातीचे मेंढपाळ, चांदीच्या कागदाचा तारा आणि मधोमध निजलेले बाळ असा तो देखावा असतो. त्यातील मेंढपाळांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम पोचली ती त्यांच्याकडेच. यरुशलेमेच्या मंदिरातील याजक त्या रात्री आपापल्या घरी निजले होते. हेरोद राजाच्या दरबारी कोणाला काही ठाऊक नव्हते. उघड्या माळावर कळप राखीत बसलेल्या माणसांना ती वार्ता कळली, आणि त्यांनी ती गावात जाऊन सांगितली. कोणत्या भाषेत सांगितली असेल? स्तोत्रकर्त्यांच्या घोटीव वाणीत खासच नव्हे. माळावर जी बोली बोलली जात होती, तीतच त्यांनी ती सांगितली असणार. त्या मेंढपाळांचे आपण दरवर्षी कौतुक करतो. परंतु आजच्या माळावरचा एखादा तरुण आपल्या रांगड्या बोलीत तीच वार्ता सांगू लागला, की आपल्या कपाळावर आठी उमटते.

आजच्या सणाच्या निमित्ताने असाच एक आठी उमटविणारा विषय विचारासाठी घ्यावा असे वाटते. हिप-हॉप नावाची जी कला अमेरिकेतील काळ्या वस्त्यांत जन्मली आणि जगभरच्या तरुणांनी उचलून धरली, त्या कलेत राहून एखाद्याला आपली ख्रिस्तश्रद्धा निष्ठेने जगता येईल काय? की त्याने देवाचे नाव घ्यावयाचे तर रस्ता सोडावा, आणि रस्त्यावर राहावयाचे तर देवाचे नाव सोडावे? हा प्रश्न परक्या देशातील म्हणून बाजूस सारण्याजोगा नाही. मुंबईच्या चाळींतील आणि उपनगरांतील ख्रिस्ती मुलेही आज हीच गाणी कानांत साठवीत रविवारच्या उपासनेला येतात. त्यांच्या आईबापांना ह्या प्रश्नाचे उत्तर कधी ना कधी द्यावेच लागणार आहे.

प्रथम ही कला म्हणजे काय ते पाहू. तिचा जन्मदिवस परंपरेने ११ ऑगस्ट १९७३ हा मानला जातो. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत त्या दिवशी एक घरगुती समारंभ झाला. तेथे जमैकातून आलेल्या कूल हर्क ह्या तरुणाने दोन तबकड्या आलटून-पालटून वाजवून गाण्यातील नुसत्या तालाचा तुकडा लांबविला, आणि त्या तालावर मुले नाचू लागली. पुढे त्या तालावर यमके जुळवून बोलणारे आले. त्यांच्या तालबद्ध बोलण्याला रॅप म्हणतात. रॅप, तबकड्यांचे वादन, नृत्य आणि भिंतींवरील चित्रकला अशा अंगांनी मिळून हिप-हॉप संस्कृती बनली. ब्राँक्स त्या काळी बेकारीने आणि आगींनी उजाड झालेला भाग होता. ज्यांच्यापाशी वाद्ये नव्हती, संगीताचे शिक्षण नव्हते, त्यांच्यापाशी शब्द मात्र होते.

मराठी वाचकाला ह्या कलेचा स्वभाव समजणे अवघड नाही. आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या फडांत शाहीर एकमेकांना सवाल टाकीत, जबाब देत आणि आपल्या बुद्धीची बढाई मिरवीत. रॅपमध्येही तेच आहे. दोघे समोरासमोर उभे राहतात, प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी नमवितात, आणि 'माझ्यासारखा मीच' असे उच्चरवाने सांगतात. ह्या कलेच्या केंद्रस्थानी 'मी' आहे. माझी गल्ली, माझे दारिद्र्य, माझी जिद्द, माझी मिळकत, हा तिचा विषय होय. ज्या माणसाला समाजाने कस्पटासमान लेखले, त्याने आपले नाव मोठ्याने उच्चारणे ही त्याच्यापुरती लहान गोष्ट नव्हती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

आणि नेमकी येथेच ख्रिस्ती श्रद्धेची गाठ पडते. कारण ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी स्वतःला रिते करणारा देव आहे. देवपणाला चिकटून न राहता तो दासाचे रूप घेऊन गव्हाणीत निजला आणि वधस्तंभावर मेला, ही त्या श्रद्धेची मूळ कथा होय. तेव्हा ज्या कलेचा श्वासच 'मी' आहे, तीत राहून 'मी' मारण्याची शिकवण देणाऱ्या प्रभूची साक्ष द्यावयाची कशी? हा प्रश्न कपड्यांचा, केसांच्या रचनेचा किंवा ढोलाच्या आवाजाचा नाही. तो त्याहून पुष्कळ खोल आहे.

दुर्दैवाने मंडळीतील वाद बहुधा वरवरच्या गोष्टींवरच अडकला. १९८५ साली स्टीफन वायली यांची 'बायबल ब्रेक' ही ध्वनिफीत निघाली. ख्रिस्ती रॅपच्या अगदी आरंभीच्या ध्वनिफितींत तिची गणना होते. त्यानंतर हा प्रवाह वाढत गेला आणि त्याला विरोधही होत राहिला. २०१३ साली अमेरिकेत भरलेल्या एका ख्रिस्ती परिषदेत व्यासपीठावरील काही वक्त्यांनी ह्या रॅपची कठोर निंदा केली. ह्या गाण्यांचा उगम ज्या संस्कृतीत आहे तिच्यापासून ती वेगळी करता येत नाहीत, त्यांत गायकाचे प्रदर्शन होते, आणि हे जगाच्या मागे धावणे आहे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. एका वक्त्याने तर अशा गायकांना भ्याड म्हटले. त्यावर वादळ उठले आणि त्याला पुढे क्षमा मागावी लागली.

ह्या आक्षेपकांना हसण्यावारी नेऊ नये. कोणतीही चाल, कोणताही ताल कोऱ्या कागदासारखा नसतो. ऐकणाऱ्याच्या मनात त्याच्या आठवणी चिकटलेल्या असतात. लावणीच्या चालीवर स्तोत्र बसविले तर श्रोत्याचे मन आधी फडाकडे जाईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आक्षेपाचा एवढा भाग मान्य करूनही इतिहास काय सांगतो ते पाहिले पाहिजे.

आज जे गॉस्पेल संगीत काळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचा अभिमान मानले जाते, त्याचे जनक म्हणून टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांना ओळखतात. हे डॉर्सी तरुणपणी 'जॉर्जिया टॉम' ह्या नावाने ब्लूज वाजवीत. ब्लूज ही मद्यगृहांची आणि रात्रीच्या जलशांची गाणी म्हणून बदनाम होती. तिचा लोच आणि तिचा ताल घेऊन डॉर्सी शिकागोतील मंडळ्यांच्या दारी गेले, तेव्हा अनेक ठिकाणी त्यांना दार बंद झाले. १९३२ साली त्यांची पत्नी बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ नवजात मूलही गेले. त्या दुःखातून त्यांनी प्रभूचा हात मागणारे जे गीत लिहिले, ते पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आवडीचे झाले आणि जगभर गायिले गेले. ज्या सुरांना मंदिराच्या पायरीवर अडविले होते, त्याच सुरांत एका पिढीनंतर लोक आपल्या मृतांना निरोप देऊ लागले.

आपल्या घरचा दाखला त्याहून जुना आहे. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी लॅटिनातील छंद उचलला नाही. त्यांनी मराठी ओवी घेतली, पुराणाची रचना घेतली, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले. १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. त्या काळच्या गोव्यात परकी सत्तेचा आणि धर्मकारणाचा जो जाच होता, तो विसरून हे कौतुक करावयाचे नाही. तरीही जात्यावरची आणि ज्ञानेश्वरांची ओवी ख्रिस्तकथेला परकी नाही, असे एका परदेशी माणसाने चार शतकांपूर्वी ओळखले, हे खरेच. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी इंग्रजी चालींवर बेतलेली उपासनागीते बाजूस सारून अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीत आणले. त्यांची गीते आज महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत गायिली जातात, आणि ती गाताना आपण काही बंडखोरी करीत आहोत असे कोणाच्याही मनात येत नाही.

तात्पर्य, रॅपला केवळ तिच्या जन्मस्थानावरून मंदिराबाहेर ठेवता येणार नाही. मात्र एवढ्यावर रॅपच्या कैवाऱ्यांनी विजयाची तुतारी फुंकू नये. लोकांचा छंद घेण्याची मुभा आहे, हे सिद्ध झाले. तो छंद घेणाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न तसाच राहिला. ओवी घेणाऱ्याला नम्र होणे सोपे असते, कारण ओवीच नम्र आहे. रॅप नम्र नाही. तेव्हा तीत शिरणाऱ्या ख्रिस्ती कलावंताची खरी कसोटी त्या 'मी'चे तो काय करतो ह्यात आहे.

येथे पुन्हा आपल्या संतांची आठवण होते. अभंगाच्या शेवटी संतकवी आपले नाव घालतो. ही नाममुद्रा बढाईसाठी नसते. जे सांगितले त्याची जबाबदारी मी घेतो, हे माझ्यावर गुदरलेले आहे, असे तीतून सांगावयाचे असते. नाव तेच, 'मी' तोच. परंतु एक नाव ध्वजासारखे फडकविलेले असते आणि दुसरे साक्षीदाराने खाली केलेल्या सहीसारखे असते. ख्रिस्ती रॅपगायकांपैकी जे खरे निष्ठावान, त्यांनी हेच केले आहे. त्यांनी ह्या कलेतील 'मी' पुसून टाकला नाही. ध्वजाची त्यांनी सही केली.

ह्याचे तीन दाखले देता येतील. फिलाडेल्फिया शहरातील शाय लिन ह्या गायकाने २००८ साली 'द अटोनमेंट' हा संपूर्ण गीतसंग्रह ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताच्या सिद्धान्तावर रचला. ज्या विषयावर पाळक एक प्रवचन देण्यास कचरतात, त्यावर ह्या मनुष्याने यमके जुळवून एक अल्बम केला. रॅपमध्ये साध्या गीतापेक्षा कितीतरी अधिक शब्द मावतात, आणि शिकविणाऱ्याला त्याचा उपयोग करून घेता येतो, हे त्याने दाखविले. २०१३ साली त्याच गायकाने धनसमृद्धीचे आमिष दाखविणाऱ्या प्रसिद्ध दूरचित्रवाणी प्रवचनकारांची नावे घेऊन एक गाणे लिहिले. सवाल टाकण्याची रॅपची जुनी खोड त्याने येथे वापरली. मात्र ती आपल्या मोठेपणासाठी नव्हे, भोळ्या भाविकांच्या बचावासाठी.

दुसरा दाखला लॉस एंजेलिसच्या प्रोपगँडा ह्या नावाने गाणाऱ्या कवीचा. २०१२ साली त्याने प्युरिटन धर्मपुरुषांविषयी एक गाणे केले. व्यासपीठावरून त्या थोर पुरुषांची वचने आदराने उद्धृत केली जातात. पण त्यांच्यापैकी काहींचा गुलामगिरीशी असलेला संबंध मात्र कोणी उच्चारीत नाही. त्या व्यासपीठासमोर बसलेल्या काळ्या श्रोत्याच्या मनाला काय वाटत असेल, हे त्याने त्या गाण्यात विचारले. गाण्याचा शेवट मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्यांकडे रोखलेले बोट तो अखेरीस स्वतःकडे वळवितो. आपल्याही डोळ्यांवर झापडे असतील, आणि देव वाकड्या काठीनेच सरळ रेघ ओढतो, असा त्याचा भाव आहे. केवळ सूड म्हणून लिहिणाऱ्याला असा शेवट सुचला नसता.

तिसरा दाखला ह्या प्रवाहातील सर्वांत गाजलेल्या कलावंताचा, लेक्रे यांचा. १९७९ साली ह्यूस्टन येथे जन्मलेले लेक्रे बापाच्या मायेवाचून वाढले. अमली पदार्थांच्या आणि चुकार संगतीच्या वाटेवरून ते एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास ख्रिस्ताकडे वळले. २००४ साली त्यांनी सहकाऱ्यासह 'रीच रेकॉर्ड्स' ही संस्था काढली. त्यांच्या भोवती जमलेल्या गायकांनी आपल्या मंडळाला '११६' हे नाव घेतले. रोमकरांस पत्रातील पहिल्या अध्यायाच्या सोळाव्या वचनाचा हा संकेत आहे. शुभवर्तमानाची आपल्याला लाज वाटत नाही, असे पौल तेथे सांगतो. २०१४ च्या 'अनॉमली' ह्या संग्रहात लेक्रे यांनी एक गाणे घातले. तारुण्यात आपण आपल्या प्रेयसीला गर्भपातासाठी नेले, ही गोष्ट त्यांनी त्यात सांगितली. बालपणी आपल्यावर झालेला अत्याचारही सांगितला. रॅपच्या जगात स्त्रियांवरील विजयांची यादी वाचण्याची चाल होती. त्याच ठिकाणी उभे राहून एका पुरुषाने आपले पाप आणि आपली जखम दोन्ही उघडी केली. 'मी' तोच, परंतु येथे तो न्यायासनासमोर उभा आहे आणि कृपेची वाट पाहतो आहे.

निष्ठेची दुसरी कसोटी श्रोत्यांची आहे. ख्रिस्ती रॅपगायकाला दोन घरे असतात आणि दोन्ही ठिकाणी तो अर्धा पाहुणा असतो. रस्त्यावरची मंडळी म्हणतात, हा प्रवचन झोडणार. देवळातील मंडळी म्हणतात, हा देवाचे नाव पुरेसे घेत नाही. लेक्रे यांना दोन्ही आरोप सोसावे लागले. २०१२ साली त्यांनी 'चर्च क्लोद्स' ही गीतमालिका प्रचलित हिप-हॉपमधील एका नामांकित डीजेच्या साह्याने काढली, आणि धर्माच्या ठेकेदारांच्या दांभिकतेवर तीत बोट ठेवले. तेव्हा ते जगाकडे झुकले अशी कुजबुज झाली. त्यांच्या 'ग्रॅव्हिटी' ह्या संग्रहाला २०१३ साली सर्वोत्कृष्ट गॉस्पेल अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हिप-हॉप कलावंताला त्या विभागात मिळालेला तो पहिला मान होता. 'अनॉमली' तर २०१४ साली अमेरिकेतील सर्वसाधारण आणि गॉस्पेल अशा दोन्ही खपयाद्यांत एकाच वेळी पहिल्या क्रमांकावर गेला. पूर्वी असे घडले नव्हते. दोन्ही घरांनी त्यांना डोक्यावर घेतले, असे त्या क्षणी दिसले.

परंतु त्याच वर्षी ९ ऑगस्टला मिझुरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र काळा तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला आणि देशभर क्षोभ उसळला. लेक्रे त्याविषयी बोलले आणि लिहिते झाले. त्यांचे पुष्कळसे श्रोते गोऱ्या इव्हँजेलिकल मंडळ्यांतील होते. ज्या गायकाने त्यांच्या मुलांना ख्रिस्ताची गोडी लावली म्हणून ते त्याला प्रेमाने बोलावीत, तोच आपल्या लोकांच्या वेदनेविषयी बोलू लागताच अनेकांना तो नकोसा झाला. हे राजकारण सोडून शुभवर्तमान गा, असा उपदेश सुरू झाला. २०१७ साली एका मुलाखतीत, गोऱ्या इव्हँजेलिकल वर्तुळाशी आपला संबंध तुटल्याचे त्यांनी उघड सांगितले. पुढे २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात त्या काळात आलेले नैराश्य आणि श्रद्धेवरील संकट त्यांनी लपविले नाही. येशूला सोडावे की काय, इथपर्यंत त्यांचे मन गेले होते. त्यांनी सोडले नाही. २०२२ साली 'चर्च क्लोद्स'चा चौथा भाग आला, आणि त्याला २०२४ साली समकालीन ख्रिस्ती संगीताचे ग्रॅमी पारितोषिक लाभले.

ह्या हकिकतीतील पारितोषिके आम्हांला गौण वाटतात. मधली वर्षे महत्त्वाची. निष्ठा म्हणजे काय, ह्याचा बोध त्या वर्षांतून होतो. टाळ्या मिळत असताना देवाचे नाव घेणे ही निष्ठा असेलही, नसेलही. ती पारखण्याचे साधन नाही. टाळ्या थांबल्यावर, आपल्याच माणसांनी पाठ फिरविल्यावर, ज्याच्या नावाने त्यांनी पाठ फिरविली त्याच प्रभूला पुन्हा हाक मारणे, ही निष्ठा होय. आपल्या टिळकांच्या चरित्रातही असे एक वळण आहे. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. परक्यांच्या आश्रयाखाली ख्रिस्त आपल्या लोकांना परका वाटतो, हे शल्य त्यांना सलत होते. त्यांनी संस्था सोडली, ख्रिस्त सोडला नाही. दोघांचे देश वेगळे, काळ वेगळा, प्रश्नही वेगळे. तथापि श्रद्धा आणि श्रद्धेचा आश्रयदाता ह्यांत भेद करण्याचे धैर्य दोघांनी दाखविले.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरणही जगाने पाहिले आहे. कान्ये वेस्ट हे ह्या युगातील अत्यंत बुद्धिमान रॅपगायक. २०१९ साली त्यांनी 'जीझस इज किंग' हा संग्रह काढला, तो प्रसिद्ध होताच खपाच्या शिखरावर गेला, आणि अनेक पाळकांनी त्यांच्या परिवर्तनाचे ढोल वाजविले. २०२२ साली त्याच कलावंताने ज्यू लोकांविषयी द्वेषपूर्ण उद्गार काढले. येशू स्वतः ज्यू आईच्या पोटी जन्मला, हे ते विसरले. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नव्हे, आणि त्यांच्या मनाच्या आजाराविषयी ते स्वतःच बोलले आहेत. दोष अधिक आहे तो आपला. प्रसिद्ध माणसाने येशूचे नाव घेतले की मंडळी हुरळून जाते. नवख्या विश्वासूला कोणी मागच्या बाकावर बसू देत नाही, त्याला शिकवीत नाही, त्याच्या तोंडावर त्याची चूक सांगत नाही. त्याला लगेच ध्वनिक्षेपकापुढे उभे करतात.

म्हणूनच ह्या प्रश्नाचा निम्मा भार कलावंतावर आहे आणि निम्मा मंडळीवर. मंडळी रॅपगायकाकडे दोनच दृष्टींनी पाहते, एक तर धोका म्हणून, नाहीतर तरुणांना ओढून आणणारे आमिष म्हणून. दोन्ही दृष्टींत तो माणूस म्हणून दिसत नाही. युवक मेळाव्यात त्याला तीन गाण्यांपुरते बोलावतात, मुले उड्या मारतात, आणि मग त्याला निरोप देऊन खऱ्या उपासनेस आरंभ करतात. त्याला ज्याची गरज असते ते कोणी देत नाही. त्याला हवी असते एक साधी मंडळी, जेथे त्याच्या नावाची जाहिरात नसेल, कोणी आजीबाई त्याला नेमाने चर्चला आलास का म्हणून विचारील, आणि त्याच्या गाण्यातील चुकीचा शब्द पाळक त्याला खासगीत सांगेल. ज्याची कला 'मी'वर उभी आहे, त्याला 'आपण' म्हणणारी जागा हवीच. ती नसेल तर कितीही प्रामाणिक साक्ष हळूहळू पुन्हा ध्वज होते.

आपल्या मुंबईतही ही वेळ आली आहे. अंधेरीच्या वस्तीत, ख्रिस्ती घरात वाढलेले विवियन फर्नांडिस हे 'डिव्हाइन' ह्या नावाने गातात; २०१५ च्या 'मेरे गली में' ह्या गाण्याने आणि २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटाने गल्लीची ही कला घराघरांत पोचली. त्यांच्या २०२० मधील संग्रहाचे नावच 'पुण्य पाप' आहे. त्यांना ख्रिस्ती रॅपगायक हे लेबल चिकटविण्याचा आमचा हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच, की पाप-पुण्याची ही भाषा गल्लीत आपोआप बोलली जात आहे. तिला शुभवर्तमानाशी जोडून देणारा कोणी वडीलधारा जवळ असला तर ती कोठवर जाईल, आणि नसला तर ती कोठे भरकटेल, हे सांगणे नलगे.

एखादा मुलगा घरी येऊन म्हणाला, की मला रॅप गायचे आहे आणि मला येशूही हवा आहे, तर त्याला काय सांगावे? देवाचे नाव किती ओळींत येते, ते मोजत बसू नये. सुताराने टेबलावर क्रूस कोरला म्हणून ते टेबल ख्रिस्ती होत नाही. त्याचे पाय समान असावेत, लाकडात लबाडी नसावी, गिऱ्हाईक फसलेले नसावे, ही त्या सुताराची साक्ष. नाझरेथच्या सुताराच्या अनुयायांना हे कळावयास हरकत नसावी. मुलाला एवढेच विचारावे: तुझ्या गाण्यात ज्यांच्यावर तू वार करतोस ते तुझ्याहून बलवान आहेत की दुबळे? तुझ्या गाण्यात जी स्त्री आहे, तिला ते तुझ्यासमोर बसून ऐकता येईल काय? तू जे सांगतोस ते तुझ्यावर गुदरले आहे, की दुसऱ्याच्या दुःखाचे कपडे तू भाड्याने आणले आहेस? आणि श्रोते निघून गेले तर तू कोणासाठी गाशील? ह्या चार प्रश्नांची उत्तरे देताना त्याची मान खाली गेली, तर त्याला रागावू नये. तेथूनच शिष्यत्वाचा आरंभ होतो.

गव्हाणीपुढे आज आपण गुडघे टेकणार आहोत. अनंत देवाने मानवी देह घेतला, म्हणजे त्याने एक विशिष्ट गाव घेतले, एक विशिष्ट बोली घेतली. गालीलकरांच्या उच्चारांवरून यरुशलेमेतील लोक त्यांना ओळखीत. पेत्राला तर त्याच्या बोलीनेच उघडे पाडले, असे शुभवर्तमान सांगते. देवाच्या पुत्रानेही बहुधा त्याच हेलात आपले दाखले सांगितले असतील. ज्याला गालीलचा हेल वर्ज्य वाटला नाही, त्याला ब्राँक्सचा किंवा अंधेरीचा हेल वर्ज्य वाटेल असे मानण्यास आधार नाही. मात्र तो देह आला तो सेवेसाठी आणि मरणासाठी, हेही त्याच गव्हाणीत लिहिलेले आहे. रस्त्याची भाषा देवाचे नाव घेऊ शकते. त्या नावासाठी किंमत मोजण्याची तयारी मात्र गाणाऱ्याची हवी, आणि ती मोजताना त्याला एकटे न सोडण्याची तयारी आपली हवी.